सी भाषेत इनपुट: आधी पूर्ण ओळ, मग आकडा

नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने जे मार्ग वापरले, त्यांतला एक होता सी भाषेतलं ‘गेट्स’ (gets) हे ओळ वाचणारं फंक्शन. युनिक्सच्या फिंगर सर्व्हरमधला (वापरकर्त्यांची माहिती देणारा प्रोग्रॅम) बफर, म्हणजे वाचलेला मजकूर ठेवायची जागा, ५१२ बाइटचा होता. येणारी ओळ त्यात मावेल का, हे गेट्स तपासतच नाही. वर्मने लांब ओळ पाठवून बफरपलीकडची मेमरी बदलली आणि स्वतःचा कोड चालवला. २०११च्या सी प्रमाणकातून गेट्स वगळलं गेलं. जुन्या पुस्तकांत ते सापडलं तरी वापरू नका.

त्याऐवजी ‘एफगेट्स’ (fgets) घ्या. त्याला बफरचा आकार सांगावा लागतो. आकार १६ दिला, तर ते जास्तीत जास्त १५ बाइट वाचतं आणि शेवटी शून्य बाइट लावतं. एंटरचं चिन्ह बफरमध्ये येतं. ते दिसलं नाही, तर बहुधा ओळ अर्धीच आली आहे आणि उरलेला भाग पुढच्या वाचनात घुसेल. तो आधी वाचून टाका. मराठी मजकुरासाठी जागा सढळ ठेवा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं अक्षर, काना, हलन्त असं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ‘महाराष्ट्र’ला ३० बाइट लागतात.

आता वाचलेल्या मजकुराचं आकड्यात रूपांतर. त्यासाठीच्या ‘एटॉय’ (atoi) या फंक्शनला अक्षरं दिली तरी उत्तर शून्य, शून्य दिलं तरी शून्य. चूक कळायला वावच नाही. म्हणून ‘स्ट्रटोल’ (strtol) वापरा; ते ‘लाँग’ (long) या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात उत्तर देतं. आधी ‘एर्नो’ (errno, चुकीचा क्रमांक ठेवणारं चल) शून्य करा, संख्यापद्धतीचा पाया १० द्या (पाया ० दिला तर ०१०चे ८ होतात) आणि वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा पॉइंटर तपासा. तो सुरुवातीलाच असेल, तर एकही अंक मिळालेला नाही; मराठी कीबोर्डवरच्या अंकांचं नेमकं हेच होतं. आकड्यानंतर एंटर किंवा ओळीचा शेवट सोडून काही उरलं, तरी इनपुट नाकारा. एर्नोमध्ये ‘ईरेंज’ (ERANGE) आलं, तर संख्या लाँगमध्ये मावलेली नाही.

इतकं करूनही शेवटच्या पायरीवर घात होतो. ६४-बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा, तर इंट (int, नेहमीचा पूर्णांक प्रकार) ३२ बिटांचा. ३००००००००० लाँगमध्ये नीट बसतात, पण न तपासता इंटमध्ये टाकले की सहसा -१२९४९६७२९६ होतात. आधी इंटच्या दोन्ही मर्यादांशी तुलना करा. ऋण संख्या नको म्हणून ‘स्ट्रटोउल’कडे (strtoul, ऋण संख्या नसलेल्या ‘अनसाइन्ड लाँग’ प्रकारात उत्तर देणारं फंक्शन) वळू नका: ते -१ तक्रार न करता स्वीकारतं आणि अनसाइन्ड लाँगमधली सर्वांत मोठी संख्या परत देतं. स्ट्रटोलनेच वाचा आणि शून्याहून लहान संख्या स्वतः नाकारा.