इंडोनेशियाच्या दलदलीतला कार्बन

कुठल्याही देशाच्या हरितगृह वायूंच्या हिशेबात एक खातं बाकीच्यांहून वेगळं वागतं. वीजनिर्मिती, वाहतूक, सिमेंट यांचे आकडे दरवर्षी थोडेथोडे सरकतात. ‘जमिनीच्या वापरातले बदल आणि वनं’ या खात्याचा आकडा मात्र एकाच कोरड्या हंगामात कुठल्या कुठे जातो. तो शून्याच्या खालीही उतरू शकतो, कारण वाढणारं जंगल हवेतला कार्बन ओढून घेतं. हे खातं किती लहरी असू शकतं, ते इंडोनेशियात फार स्पष्ट दिसतं. हजारो बेटांच्या या देशात झाडांमध्ये जेवढा कार्बन आहे, त्याहून जास्त झाडांखालच्या ओल्या जमिनीत आहे.

सुमात्राचा पूर्व किनारा, बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडे असलेला भाग म्हणजे कालिमंतान, आणि पापुआ. इथे नद्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यांत पीटची दलदल पसरली आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं साचत गेलेली पानं, फांद्या आणि मुळं. जमीन कायम पाण्याखाली असल्याने तिथे ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हणून हा पालापाचोळा पुरता कुजत नाही. बरणीतल्या लोणच्यावर तेलाचा थर असेपर्यंत ते टिकतं, फोडी उघड्या पडल्या की बुरशी धरते. पीटवरचं पाणी नेमकं हेच काम करतं. थर वाढतो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, तरी काही ठिकाणी त्याची जाडी 10 मीटरच्या पुढे गेली आहे. त्यावरून यामागचा काळ कळतो.

हे पाणी मुद्दाम काढून टाकण्याचा सर्वांत मोठा प्रयोग 1995 मध्ये मंजूर झाला. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टरांवर भातशेती उभी करायची होती. दलदलीतून चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले, जंगल तोडलं गेलं, जावामधून हजारो कुटुंबं तिथे वसवण्यात आली. पीटची जमीन अतिशय आम्लधर्मी, पोषणद्रव्यं नावापुरती. भात आला नाही. सुहार्तो पायउतार झाल्यावर प्रकल्पही गुंडाळला गेला, पण कालवे तसेच राहिले आणि पाणी वाहून नेत राहिले. या फसलेल्या प्रकल्पाबद्दल वाचताना मला सर्वांत अस्वस्थ करते ती हीच गोष्ट: योजना रद्द करायला एक आदेश पुरतो, कालवा आदेशाने बुजत नाही.

पाणी उतरलं की पीटमध्ये हवा शिरते, सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि हजारो वर्षं बंदिस्त असलेला कार्बन आता कार्बन डायऑक्साइड होऊन वर निघतो. भूजलपातळी दर 10 सेंटिमीटर खाली गेली की हेक्टरमागे वर्षाला सुमारे 9 टन कार्बन डायऑक्साइड जादा सुटतो, असा ढोबळ अंदाज आहे. पाणी काढलेल्या पीटवरच्या पामतेलाच्या मळ्यासाठी आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाने, धरलेला आकडा हेक्टरी वर्षाला जवळपास 40 टन आहे. एवढा वायू हवेत सोडायला 17 हजार लिटरच्या आसपास पेट्रोल जाळावं लागेल. हे सगळं होतं ते ज्वाळेविना, धुराविना. मळा वरून हिरवागार दिसत असतो. जमीन मात्र खचत जाते, वर्षाला 5 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पन्नास वर्षांत साचलेलं एका वर्षात संपतं.

कोरडं पीट पेटलं तर बघायलाच नको. आग जमिनीखाली धुमसते, मुळांच्या वाटेने सरकते आणि बऱ्याचदा मोठा पाऊस आल्यावरच विझते. 1997 च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून इथला पाऊस रोडावतो त्या स्थितीत, इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलांतून किती कार्बन सुटला, याचा अंदाज 2002 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला: त्या काळच्या जगभरच्या जीवाश्म इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या 13 ते 40 टक्के! अंदाजाची ही रुंदीच सांगते की जमिनीखाली किती जाडीचा थर जळाला, हे मोजणं किती कठीण आहे. 2015 मध्ये पुन्हा एल निनो आला आणि सुमारे 26 लाख हेक्टर जळालं. पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं हे क्षेत्र आहे. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कित्येक दिवस या आगींचं एका दिवसाचं उत्सर्जन अमेरिकेच्या अख्ख्या अर्थव्यवस्थेच्या दिवसभराच्या उत्सर्जनाहून जास्त होतं. मध्य कालिमंतानातल्या पालंगकाराया शहरात लोक आठवडेच्या आठवडे पिवळ्या धुरात जगले. जागतिक बँकेने त्या वर्षीचं नुकसान 16 अब्ज डॉलर धरलं.

आगींच्या उत्सर्जनाचा आकडा देशाच्या हिशेबात बसवायचा कसा? इंडोनेशियाने 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांना वनांच्या उत्सर्जनाची जी आधारपातळी कळवली, तिच्यात जंगलतोड, जंगलाचा ऱ्हास आणि पीटचं कुजणं धरलं होतं. पीटच्या आगी वगळल्या होत्या. मापनातली अनिश्चितता पाहता हे समजण्यासारखं आहे. पण पुढची सुधारणा याच पातळीशी ताडून बघायची असते, म्हणून वगळलेल्या भागाकडे लक्ष ठेवावंच लागतं. 2030 पर्यंत जमीन आणि वनांचं खातं उणे 14 कोटी टनांवर नेण्याचं या देशाचं उद्दिष्ट आहे. नवी झाडं कितीही लावली, तरी कालवे वाहते असतील तोवर ते गाठणं मला अशक्यप्राय वाटतं.

तिथल्या सरकारने काही पावलं उचलली आहेत. 2016 च्या सुरुवातीला पीटच्या पुनरुज्जीवनासाठी खास संस्था स्थापन झाली. पीटमधलं पाणी जमिनीपासून 40 सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. कालव्यांवर लाकडाचे आणि मातीचे बांध घातले जात आहेत. जळालेलं क्षेत्र 2019 मध्ये सुमारे 16 लाख आणि 2023 मध्ये, तेही एल निनोचं वर्ष असताना, 11.6 लाख हेक्टर होतं. 2015 पेक्षा ही घट मोठीच आहे. फक्त, आग कमी झाल्याने कुजणं थांबत नाही.

आणि यात आपलाही वाटा आहे. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे, आणि हे तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येतं. फरसाण, बिस्किटं, वनस्पती तूप, साबण. 2022 च्या दिवाळीत रेशन दुकानांतून शंभर रुपयांत मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्येही रवा, साखर, चणाडाळीबरोबर एक लिटर पामतेल होतं. सगळंच पामतेल पीटवर पिकत नाही. बहुतेक मळे साध्या मातीवर आहेत. म्हणूनच तेल कुठल्या जमिनीतलं, हा प्रश्न खरेदीदाराने विचारण्याजोगा आहे. शाश्वत पामतेलाच्या आरएसपीओ या प्रमाणपत्राने 2018 च्या अखेरीपासून पीटवर नवी लागवड मान्य करणं बंद केलं. जुन्या मळ्यांतली झाडं पंचविशीच्या आसपास काढावी लागतात. तेव्हा मळेवाल्यापुढे दोन वाटा असतात: त्याच कालव्यांच्या काठी पुन्हा पामतेलाची रोपं लावणं, किंवा कालवे बुजवून साबुदाणा देणारा सागो आणि चिकाचं जेलुतुंग अशी पाण्यात उभी राहणारी झाडं लावणं.