फ्लुरोसिन : डॅन्यूबच्या पाण्यापासून डोळ्याच्या पडद्यापर्यंत

डोळ्यात कचरा गेल्याची तक्रार घेऊन गेले की नेत्रतज्ज्ञ नारिंगी टोकाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा असेल, तर नेमकी तेवढीच जागा हिरवी चमकते. त्या पट्टीवरचा रंग म्हणजे फ्लुरोसिन.

काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात, याचा उलगडा केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये केला. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते, हे त्यांनी दाखवले आणि फ्लोरस्पार या खनिजावरून या गुणधर्माला फ्लुरोसन्स हे नाव दिले. पुढे १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बेयर यांनी थॅलिक अनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल या दोन रसायनांपासून फ्लुरोसिन तयार केले.

या रंगाचे खरे सामर्थ्य मात्र प्रयोगशाळेबाहेर, दक्षिण जर्मनीत उघड झाले, असे मला वाटते. तेथे डॅन्यूबचे पाणी इमेंडिंगनजवळ चुनखडीच्या भेगांत मुरते. ते जाते कुठे, हा प्रश्न डॅन्यूबकाठच्या आणि दक्षिणेकडच्या आख नदीकाठच्या कारखानदारांच्या दृष्टीने पोटापाण्याचा होता. ऑक्टोबर १८७७ मध्ये भूवैज्ञानिक क्नोप यांनी त्या भेगांत दहा किलो फ्लुरोसिन, सुमारे वीस टन मीठ आणि शेल तेल सोडले. साधारण साठ तासांनी, बारा किलोमीटरवरच्या, आख नदी जिथे उगम पावते त्या झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. काळ्या समुद्राकडे निघालेल्या नदीचे पाणी जमिनीखालून ऱ्हाईनच्या खोऱ्यात जात होते, हे त्या चमकीने डोळ्यांदेखत सिद्ध केले. एवढ्या पाण्यात विरघळूनही अवघा दहा किलो रंग ओळखू यावा, ही बाब आजही थक्क करणारी आहे.

जीवशास्त्राला हाच गुण हवा होता. हार्वर्डचे अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडांना, म्हणजे ठरावीक जंतूला नेमके चिकटणाऱ्या शरीरातील प्रथिनांना, आधी अँथ्रासीन या रसायनाचे निळे चमकणारे संयुग जोडले. परंतु ऊती स्वतःच निळसर चमकत असल्याने खूण वेगळी दिसेना. म्हणून १९४२ मध्ये त्यांनी हिरवे फ्लुरोसिन जोडले आणि उंदराच्या ऊतींमधील न्यूमोनियाच्या न्यूमोकोकस जंतूंचे प्रतिजन (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो जंतूचा अंश) सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले.

१९६१ मध्ये नोव्हॉटनी आणि अल्विस यांनी दंडाच्या शिरेत फ्लुरोसिन टोचून दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, रक्तवाहिन्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलात कोणती सूक्ष्म रक्तवाहिनी पाझरते आहे, हे आजही त्याच पद्धतीने तपासले जाते.