आयफेल टॉवरची सोनेरी रोषणाई वेगळी आणि लुकलुक वेगळी, एकदाचं घ्या समजून

चमचमणारा आयफेल टॉवर सगळ्यांनी व्हिडिओत बघितलेला असतो त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. अंधार पडला की दर तासाला पाच मिनिटं पांढरे ठिपके लुकलुकतात, २०,००० बल्ब आहेत, आधी दहा मिनिटं चालायचं ते २००८ मध्ये पाचवर आणलं, झालं. डोकं फिरतं ते खालच्या कॅप्शन वाचून. कोणी लिहितं "१९८५ पासून असाच चमचमतोय", कोणी लिहितं "सोनेरी दिवे लुकलुकायला लागले की अंगावर काटा येतो". अहो, सोनेरी दिवे लुकलुकत नाहीत, कधीच नाही, आणि १९८५ साली तर त्या चमचमीचा पत्ताच नव्हता.

सोनेरी रोषणाई केली प्येर बिदो या लायटिंगवाल्याने, ३१ डिसेंबर १९८५ ला पहिल्यांदा लागली. ३३६ प्रोजेक्टर, म्हणजे झोत टाकणारे मोठे दिवे, त्यात हाय प्रेशर सोडियमचे दिवे. आता हा सोडियमचा दिवा, म्हणजे रस्त्यावर असायचा तोच पिवळा-नारिंगी, स्विच दाबला की लगेच भगभगीत पेटत नाही, आधी मिणमिणतो, मग हळूहळू चढतो, पूर्ण उजेडाला यायला काही मिनिटं जातात, आणि एकदा बंद केला की तापलेली नळी जरा गार झाल्याशिवाय परत पेटतही नाही. असा दिवा सेकंदाला चालू-बंद कसा होणार सांगा! लुकलुक करणारे बल्ब पूर्ण वेगळ्या जातीचे आहेत, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे, जेमतेम ६ वॉटचे, चारही बाजूंना प्रत्येकी ५,००० आणि प्रत्येक जण आपल्या मर्जीने उडतो म्हणून तर ती चमचम विस्कटलेली दिसते आणि तीच तिची मजा आहे. सोनेरी उजेड मागे तसाच स्थिर चालू असतो, त्याच्यावर हे ठिपके पडतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं सगळं एकच आहे.

पटत नसेल तर हे बघा, २०२२ पर्यंत रात्री १ वाजता सोनेरी दिवे चक्क बंद करून शेवटची लुकलुक काळ्या टॉवरवर व्हायची. एकच यंत्रणा असती तर हे झालंच नसतं. (मग त्या सप्टेंबरमध्ये वीज वाचवायची म्हणून टॉवर पावणेबारालाच विझवायचं ठरलं.)

चमचम आली ती २००० सालाच्या स्वागताला, ३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्री. ती तात्पुरतीच होती, २००१ मध्ये बंद झाली, आणि लोकांना एवढी आवडली की नवे बल्ब बसवून जून २००३ ला परत आणली. म्हणजे सोनेरी रोषणाई आणि पहिली चमचम यांच्यात सरळ चौदा वर्षांचं अंतर आहे, तरी लोक एकाच वाक्यात कोंबतात.

माझं विचाराल तर खरं काम बिदोचं. त्याच्या आधी, १९५८ पासून, टॉवरवर उजेड बाहेरून मारायचे, खाली शां द मार्स या पायथ्याच्या मैदानाच्या बाजूला जमिनीत बसवलेले १,२९० प्रोजेक्टर. बाहेरून झोत मारला की पुढची बाजू उजळते आणि एवढी जाळीदार वस्तू सपाट पत्र्यासारखी दिसते. बिदोने दिवे उचलून टॉवरच्या आत नेले आणि खालून वर झोत सोडले. त्यामुळे पट्ट्यांमागच्या पट्ट्या, तिरके आडवे सांधे, सगळी खोली दिसायला लागली, तेही चौथ्या हिश्श्याच्या आसपास दिव्यांत. लोखंड सोन्याच्या रंगात रंगवलंय असं समजणारेही भेटतात, त्यांनी दुपारी एकदा बघावं. लुकलुक गोड आहे पण पाच मिनिटांच्या वर मला बघवत नाही.

१९२५ पासूनची सिट्रोएन या मोटार कंपनीची अडीच लाख बल्बांची अक्षरं या भांडणात येतच नाहीत, ती सरळ जाहिरात होती. वर गोल फिरणारा झोतही तिसरीच गोष्ट आहे.

आणि ते "रात्री फोटो काढला तर तुरुंग" वालं फॉरवर्ड कृपया थांबवा. टॉवर बांधणारा गुस्ताव आयफेल १९२३ ला गेला, टॉवरच्या आकारावरचा हक्क कधीच संपलाय, दिवसाचा फोटो कुठेही वापरा. रोषणाई मात्र वेगळी कलाकृती धरली जाते म्हणून रात्रीचा फोटो धंद्यासाठी वापरायचा असेल तर टॉवर चालवणाऱ्या कंपनीची आधी परवानगी लागते, मग त्यात सोनेरी उजेड असो की चमचम. तुम्ही स्वतःसाठी काढलात आणि मित्रांना दाखवलात तर कोणी काही म्हणत नाही, फक्त कॅप्शनमध्ये १९८५ लिहिताना फोटोत ठिपके आहेत का ते बघा.