गर्द हिरव्यात लपलेला लाल

जुलैत दोन दिवस सलग पाऊस झाला की आरे कॉलनीतली झाडी ओली, जड आणि काळपट हिरवी दिसते. ती रंगवताना तेलरंगाच्या ट्यूबमधला थेलो ग्रीन हा तीव्र निळसर हिरवा तसाच लावला तर झाड प्लास्टिकचं वाटतं. मग बहुतेक जण काळा मिसळतात आणि रंग मरतो. खरं तर तिथे हवा असतो लाल.

पानातलं हरितद्रव्य 430 ते 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा आणि 660च्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं, 550च्या आसपासचा हिरवा त्या मानाने जास्त परत पाठवतं. मात्र लाल पूर्ण शोषला जात नाही. त्यातला थोडा पिवळ्याबरोबर डोळ्यापर्यंत येतो, म्हणून पानाचा हिरवा उबदार दिसतो. थेलो ग्रीन म्हणजे क्लोरीन जोडलेलं कॉपर थेलोसायनिन. ते लाल जवळजवळ सगळा गिळतं आणि निळसर हिरवा परत पाठवतं. ही उणीव आपण पॅलेटवर भरून काढायची.

क्रम महत्त्वाचा. आधी वाटाण्याएवढा बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, घ्या. पॅलेट नाइफच्या टोकावर काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढाच थेलो ग्रीन घेऊन त्यात मिसळा, मग लागेल तसा वाढवा. उलट केलंत तर या रंगाची ताकद इतकी आहे की तपकिरीची अर्धी ट्यूब संपली तरी हिरवा हटत नाही. मिश्रण निळसर वाटलं तर यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला. ढिगाऱ्याकडे बघून अंदाज येत नाही, तो काळाच दिसतो. पांढऱ्या कागदावर नाइफने पातळ ओढा, खरी छटा तिथे कळते.

वडाच्या पारंब्यांमागच्या अंधारासाठी थेलो ग्रीन आणि क्रिमसन (गडद लाल) मिसळा. काळ्याच्या जवळ जाणारा, तरी जिवंत रंग मिळतो. पारंपरिक अ‍ॅलिझरीन क्रिमसन पातळ थरात उजेडाने फिका पडतो, त्यापेक्षा क्विनाक्रिडोन या टिकाऊ रंगद्रव्याचा लाल घ्यावा.

काळा अगदीच वर्ज्य नाही. आयव्हरी ब्लॅक हा काळा निळसर झुकतो, त्यामुळे लेमन यलोत त्याचा ठिपका घातला की सुंदर शेवाळी हिरवा तयार होतो.

उजळ करण्यासाठी पांढरा घातला की खडूसारखी भुकटी छटा येते. आंब्याच्या जून पानाची वरची चकचकीत बाजू आभाळ परावर्तित करते, तिथे निळसर राखाडीचा हलका हात पुरे. उन्हासमोर धरलेलं पान मात्र पिवळंच रंगवावं लागतं.

वाळल्यावर गडद भाग कधी निस्तेज, राखी दिसतात. खालचा थर तेल शोषून घेतो म्हणून असं होतं, रंग चुकलेला नसतो. थर स्पर्शाला पूर्ण कोरडा झाल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचं पुसून घ्या. दमट हवेत कोरडं व्हायला वेळ लागतो, घाई करू नका. पुसलेला बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.