ग्रेप

ग्रेप हे एका किंवा अनेक फाइलींमधून दिलेल्या अक्षरसाच्याशी जुळणाऱ्या ओळी शोधून दाखवणारे सॉफ्टवेअर आहे. केन थॉम्पसन यांनी ते बेल लॅब्समध्ये लिहिले. १९७३ सालच्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत ते होते. ‘ईडी’ या मजकूर-संपादक सॉफ्टवेअरमधील ‘जी/आरई/पी’ या आज्ञेवरून त्याचे नाव पडले: सगळ्या फाइलीत साचा शोध आणि जुळलेली ओळ छाप. लिनक्सवर सहसा ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे ग्रेप असते. अँड्रू गॅलंट यांचे २०१६ मधील रिपग्रेप हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर पूर्ण फोल्डर झपाट्याने चाळते.

ग्रेप आधी शब्दांची सूची तयार करून ठेवत नाही, फाइल थेट ओळीओळीने वाचते. साच्यात टिंब (.) म्हणजे कोणतेही एक चिन्ह आणि विस्तारित साच्यात उभी रेघ (|) म्हणजे ‘किंवा’. मराठवाड्याच्या इतिहासाची टिपणे चाळताना या दोन खुणांचे मोल कळते. एकाच गावाला इथे दोन-तीन नावे असतात. ‘उस्मानाबाद|धाराशिव’ असा साचा दिला की जिल्ह्याच्या नामांतराआधीचा मजकूर आणि नंतरचा, दोन्ही एकदम हाती येतात. कुणी अंबाजोगाई लिहितो, कुणी अंबेजोगाई, तिथे ‘अंब.जोगाई’ पुरते, कारण युनिकोड या अक्षरसंकेतांच्या पद्धतीत काना आणि मात्रा ही स्वतंत्र चिन्हे आहेत आणि टिंब नेमके तेवढेच झेलते. निजामकालीन कागदांतले याच गावाचे मोमिनाबाद हे नाव मात्र वेगळ्या रेघेने जोडावे लागते. ग्रेपला भूगोल कळत नाही, अक्षरे कळतात, आणि गावाची जुनी नावे माहीत असलेल्या माणसाच्या हातात ते खरे कामाला येते.

मराठीत सर्वाधिक फसगत होते ती ‘शेतकऱ्यांचे’सारख्या शब्दांत. यातला ‘ऱ्या’ कुणी ‘ऱ’ला हलन्त देऊन टंकतो, तर कुणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ग्रेपच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे दुष्काळावरच्या टिपणांत शोध घेतला तर समोर दिसणारी ओळही निकालात येत नाही. अशा वेळी एका फाइलीतून एक रूप आणि दुसरीतून दुसरे उचलून, मध्ये उभी रेघ देऊन शोधावे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या जुन्या फाइली आधी रूपांतरित कराव्या लागतात. त्यांच्या पोटात देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात.