देऊळ जागेवरच होतं, सरकले ते रेखांश

एकोणिसाव्या शतकातला सर्व्हे खात्याचा एखादा नकाशा घ्या. त्याच्या कडेवरचे आकडे धरून कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाचे अक्षांश-रेखांश काढा आणि ते जसेच्या तसे मोबाइलमध्ये टाका. खूण महाद्वारावर येणार नाही. ती राजारामपुरी ओलांडून, देवळापासून चार किलोमीटरांहून थोडी जास्तच पूर्वेला, उचगावच्या बाजूला जाऊन पडेल. त्या काळी कुठलं एवढं अचूक मोजता येत होतं, असं म्हणून विषय मिटवावासा वाटतो. पण त्याच नकाशावर पट्टी ठेवून देऊळ ते पन्हाळा अंतर काढलं तर ते आजच्या अंतराशी जुळतं. गावं, डोंगर, किल्ले एकमेकांपासून बरोबर अंतरावर आहेत आणि सगळ्यांचा मिळून पत्ता मात्र चुकलाय, हा काय प्रकार?

अक्षांश काढणं तसं सोपं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर दिसतो ते मोजायचं, थोडी दुरुस्ती करायची, झालं. रेखांश म्हणजे मात्र दोन ठिकाणच्या घड्याळांतला फरक. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे कोनाचं १ मिनिट फिरायला तिला ४ सेकंद लागतात. मद्रासला बसून ग्रीनिचला या क्षणी किती वाजलेत हे नेमकं कळलं, तर मद्रासचे रेखांश हाती आले. तारायंत्र नव्हतं तेव्हा हा निरोप आकाशातून मिळवावा लागे. गुरूचे चंद्र त्याच्या सावलीत शिरतात ती वेळ दोन्हीकडे टिपायची आणि आकडे ताडून पाहायचे. अडचण अशी की तो चंद्र दिवा मालवल्यासारखा फटकन जात नाही, हळूहळू मंदावत जातो. शेवटचा दिसला कधी, हे दुर्बीण किती चांगली आणि डोळा कुणाचा यावर ठरतं.

अशा वेधांवरून मद्रासच्या वेधशाळेचे रेखांश ठरले आणि देशभरच्या सर्व्हेचे रेखांश तिथून पुढे मोजत नेले. पुढे तारेनं थेट वेळ पाठवता येऊ लागली तेव्हा कळलं, की मद्रासचा आकडा सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त धरला गेलाय. ही मिनिटं कोनाची. घड्याळाच्या हिशेबात चूक जेमतेम १० सेकंदांची. कोल्हापूरच्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.७७ किलोमीटर. गुणाकार केला की उचगाव येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्व्हेनं दुरुस्ती मान्य केली. तरी जुन्या छपाईचे नकाशे कपाटांत होते तसेच राहिले. काहींच्या तळाशी ‘रेखांशातून इतके वजा करा’ अशा अर्थाची बारीक टीप असते. ती न वाचताच लोक नकाशा बाद करतात.

ही वजावट केली तरी खूण देवळाच्या आवारात येत नाही, शंभरेक मीटरची तफावत उरते. तिचं कारण निराळं. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी, म्हणून नकाशाचं गणित एका कल्पित चपट्या गोलावर करावं लागतं. भारतासाठी हा गोल जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० मध्ये बसवला. त्याची विषुववृत्तावरची त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर. आजचं जीपीएस ज्या गोलावर चालतं त्याची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर, म्हणजे ८६१ मीटर जास्त. शिवाय दोन्ही गोलांचे मध्यही एका जागी नाहीत. एव्हरेस्टचा गोल भारतापुरता उत्तम बसत होता, साऱ्या पृथ्वीवर बसवायची त्याला गरजच नव्हती. सर्व्हे ऑफ इंडियाचे साधे नकाशे याच गोलावर निघत राहिले, ते थेट २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणापर्यंत.

मग आतली अंतरं इतकी बरोबर कशी? त्रिकोणामुळे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणितानं निघतात, त्यातली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे जमिनीवर खरोखर मोजायची ती सुरुवातीची एकच रेघ, बाकी सगळं डोंगरमाथ्यांवरून कोन घेत जायचं. मधूनमधून पडताळ्यासाठी आणखी एखादी रेघ मोजली जाई, एवढंच. पण ती पहिली रेघ चुकली की सगळा देश चुकला.

ही त्रिकोणांची मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्ब्टननं ही रेघ १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजली. लांबी साडेसात मैल, लागले ५७ दिवस. १०० फुटांची पोलादी साखळी तिकाटण्यांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांत ताणून धरायची, वर सावली करायची, शेजारी तापमापक ठेवायचे आणि साखळी पुढे सरकवायची. असं जवळजवळ ४०० वेळा. तापमापक कशाला? पोलाद एका अंशाला दहा लाखात सुमारे १२ भाग प्रसरण पावतं. बारा किलोमीटरच्या रेघेत दहा अंशांचा फरक हिशेबात धरला नाही तर दीड मीटरच्या आसपास चूक होते. मद्रासच्या उन्हात सकाळ-दुपारमध्ये दहा अंश म्हणजे काहीच नाही.

कोन घ्यायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या घरातला. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर तो चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकलं. लॅम्ब्टननं ते स्वतःच खटपट करून सरळ केलं आणि काम पुढे चालू ठेवलं. याच कामावर असताना १८२३ मध्ये तो आपल्याकडे हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं आणि लॅम्ब्टन हिंगणघाटच्या लोकांनाही फारसा माहीत नाही, हे मला पटत नाही.

त्रिकोणांच्या आधीचे नकाशे मुळात वेगळ्या जातीचे. जेम्स रेनेलनं १७८२ च्या सुमारास हिंदुस्थानचा नकाशा काढला तेव्हा दख्खनचा बराच भाग त्यानं फौजांच्या मुक्कामांच्या नोंदींवरून आणि प्रवाशांच्या टिपणांवरून भरला. रस्ता वळणावळणाचा, म्हणून मोजलेल्या अंतरातून वळणांची वजावट करायची आणि सरळ अंतर अंदाजानं धरायचं. अशा नकाशावर रस्त्यावरची गावं बऱ्यापैकी जागेवर असतात आणि रस्त्यापासून लांबची भरकटलेली. मोडीत नावं लिहिलेल्या मराठी नकाशांचा उद्देश त्याहून वेगळा. त्यांत नद्या, घाट आणि किल्ले ठळक, कारण नकाशा काढणाऱ्याला घाट कुठून उतरतो आणि नदी कुठे आडवी येते हे हवं होतं. त्यावर पट्टी ठेवणं हा त्या नकाशावर अन्यायच.

आपल्या भागात कुणाच्याही घरात निघेल असा जुना नकाशा म्हणजे गावनकाशा. बांधावरून भांडण झालेल्या प्रत्येक घराला टिपण (मोजणीची नोंद) आणि फाळणी (जमिनीच्या तुकड्यांचा नकाशा) हे शब्द पाठ असतात. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. एका साखळीचा चौरस म्हणजे १ गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. आपण आजही जमीन ज्या गुंठ्यात बोलतो तो त्या साखळीतून आलाय. गावनकाशात डोंगरांची उंची नाही, अक्षांश-रेखांश नाहीत, पण बांध, विहीर, पाणंद, ओढा इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुठल्याच नकाशात मिळत नाही.

सर्व्हेच्या नकाशांना क्रमांक असतात, ग्रंथालयात शोधताना ते कामी येतात. चार अंश रुंद, चार अंश उंच अशा चौकटीला एक आकडा. कोल्हापूरची चौकट ४७. तिचे एक-एक अंशाचे १६ भाग, त्यांना वरून खाली, डावीकडून उजवीकडे अक्षरं. आपलं अक्षर एल. त्याचे पुन्हा १६ भाग. शहराचा शीट निघतो ४७ एल/२. जुन्या सूचीत हा क्रमांक सांगितला की ‘कोल्हापूरचा नकाशा आहे का?’ या प्रश्नापेक्षा लवकर काम होतं.

आता कागद. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद चिंध्यांपासून बने, तो टिकतो. पुढे लाकडाचा लगदा आणि तुरटी-राळेची खळ आली. तो कागद आतूनच आम्लधर्मी होतो, पिवळा पडून कोपऱ्यांवर तुटतो. म्हणून १७८० चा नकाशा कधीकधी १९२० च्या नकाशापेक्षा धडधाकट असतो. हातानं रंगवलेल्या नकाशांत एक गोष्ट मुद्दाम पाहावी. सीमेची हिरवी रेघ कधी तपकिरी पडलेली असते आणि तिच्या बरोबर मागे कागद विरलेला. तो हिरवा रंग तांब्याच्या क्षारांचा, आणि तांबं कागदाचे तंतू खात जातं. राज्य केव्हाच गेलेलं असतं, कागदावर मात्र त्याच्या सीमेवरच चीर पडते.

दमट हवेचा त्रास निराळा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद ओल शोषतो आणि फुगतो, यंत्रावर बनलेला कागद तर आडव्या-उभ्या दिशेनं सारखा फुगत नाही. इंचाला मैल या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. म्हणून अंतर काढताना छापील गुणोत्तरावर जाऊ नये, नकाशावरच काढलेली मोजपट्टी वापरावी. कागद फुगला तर तीही त्याच्याबरोबर फुगलेली असते. आणि फाटलेल्या नकाशाला कुणी प्रेमानं चिकटपट्टी लावलेली दिसली तर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. तिचा गोंद कागदात मुरतो. जाणकार लोक गव्हाच्या खळीनं पातळ जपानी कागद लावतात, तो पुन्हा काढता येतो.

एवढं कळल्यावर जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवता येतो. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू निवडायचे आणि संगणकाला जुळवायला सांगायचं. बिंदू निवडताना जुनी देवळं, किल्ल्यांचे बुरूज, दगडी पूल घ्यावेत. बिंदू सगळ्या शीटभर पसरलेले हवेत, एका कोपऱ्यात गर्दी करून चालत नाही. नकाशा बसला की शहराचं पाणी दिसू लागतं. गांधी मैदान जिथे आहे तिथे वरुणतीर्थ तळं होतं, कपिलतीर्थ मंडईच्या जागी कपिलतीर्थ. पावसाळ्यात मैदानात पाणी का साचतं, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

नदीच्या बाबतीत मात्र घाई करू नये. सर्व्हेच्या तुकड्या पाऊस संपल्यावर बाहेर पडत आणि पुढच्या पावसाआधी परतून नकाशे रेखाटायला बसत. त्यामुळे नकाशातली पंचगंगा हिवाळ्या-उन्हाळ्यातली, पात्रात नीट मावलेली. राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं, ते त्या निळ्या रेघेवरून कळणार नाही. पूररेषेच्या वादात कुणी जुना नकाशा पुढे करून ‘नदी तर इथे होती’ म्हणालं, तर आधी सर्व्हे कोणत्या महिन्यांत झाला ते विचारावं, मग छपाईचं साल आणि सर्व्हेचं साल एकच आहे का तेही. दोन्ही बहुधा तळाच्या समासात असतात आणि त्यांच्यात कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं.