गरुडाच्या पायातला साप

मेक्सिकोच्या झेंड्यावर निवडुंगावर बसलेला सोनेरी गरुड साप फाडतोय. आपल्याकडेही गरुड आणि नाग यांचं हाडवैर थेट कद्रू-विनतेच्या गोष्टीपासूनचं. दोन खंडांतल्या माणसांना एकच चित्र सुचलं याचं फार नवल करू नये. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ते जिवंत बघायला मिळतं.

इथला समुद्री गरुड पोटाकडून पांढराशुभ्र, पाठीकडून राखाडी. पंख पसरले की जवळजवळ 2 मीटर भरतात. सुरूच्या नाहीतर आंब्याच्या उंच झाडावर काटक्यांचं घरटं, आणि त्याच घरट्यावर वर्षानुवर्षं नवे थर. खाली माशांचे काटे पडलेले असतात, तसे समुद्री सापांचे मणकेही.

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्यात, साप आला की रापणकार जपून असतात, कारण विष जहाल. मग गरुडाचं कसं निभावतं? समुद्री सापाला कल्ले नाहीत, फुप्फुस आहे. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. गरुड खोल बुडी मारत नाही, पाण्याच्या पृष्ठावरूनच झडप घालतो. त्याच्या नडगीवर पिसं नाहीत, जाड खवले आहेत. बोटांखाली खरखरीत काटेरी उंचवटे, त्यामुळे बुळबुळीत अंग निसटत नाही. विष पोटात गेलं तर प्रथिनासारखं पचून जातं. रक्तात उतरलं तरच घात.

गंमत म्हणजे मेक्सिकोतल्याच 16व्या शतकातल्या मेंदोझा चित्रपोथीत गरुड निवडुंगावर आहे, पण साप नाही. तो पुढच्या चित्रांत रुळला.

चिन्हावरचा गरुड कुठला, हे ओळखायला पाय बघावेत असं माझं मत. चोच काय, चित्रकार हवी तशी वाकवतात. सोनेरी गरुडाचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. अमेरिकेने 1782 साली राजमुद्रेवर घेतलेला गरुड मात्र आपल्या समुद्री गरुडाचा भाऊबंद, उघड्या नडगीचा.

इंडोनेशियाने 1950 साली स्वीकारलेला गरुड तर निव्वळ हिशेबी. प्रत्येक पंखाला 17 पिसं, शेपटीला 8, मानेला 45. म्हणजे 17 ऑगस्ट 1945, स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस. खऱ्या गरुडांच्या शेपटीत बहुधा 12 पिसं असतात, पण तारीख जुळवायची तर कात्री लावावीच लागणार!

सिंगापूरने मात्र पक्षी जसेच्या तसे छापले. जुन्या पक्षीमालिकेतल्या 1000 डॉलरच्या नोटेवर ब्राह्मणी घार आणि 10,000च्या नोटेवर हाच पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. आपल्या बंदरांवर मासळीच्या टोपल्यांभोवती घिरट्या घालते ती घार. गरुड माणसांच्या गर्दीत सहसा फिरकत नाही.